रुग्णसेवेतील अखेरचा हात
जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत जव्हार संस्थानाच्या इतिहासावर दरवर्षी एखादा तरी लेख असतो, आणि तो असणे योग्यच आहे. जयबा मुकणे यांचा पराक्रम, बैलाच्या कातड्याच्या वाद्या कापून त्यांत मावेल तेवढी भूमी मिळविल्याची आख्यायिका, १३४३ सालच्या नीमशाह किताबाची हकीकत, शिरपामाळावरील छत्रपती शिवाजी महाराजांची भेट आणि १९४८ साली झालेले संस्थानाचे विलीनीकरण, या गोष्टी महादेव कोळी समाजाच्या मुलामुलींस ठाऊक असल्याच पाहिजेत. परंतु समाजाचा इतिहास राजवाड्याच्या जोत्यापाशी संपत नाही. ज्या कामावाचून एक दिवसही निभाव लागणार नाही, पण ज्याची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही, अशा कामाचाही इतिहास असतो. यंदा आम्ही तसाच एक इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो रुग्णालयातील कचरा उचलणाऱ्या, वाहणाऱ्या आणि त्याची विल्हेवाट लावणाऱ्या माणसांचा आहे.

मंगल प्रसंगी निघणाऱ्या अंकात हा विषय शोभेल काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांस येईल. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि साकूर-जामसरपासून खोडाळा-वाशाळ्यापर्यंतची प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या आधाराने आज या दोन तालुक्यांतील लोक आजारपणाचे दिवस काढतात. आपल्या समाजातील मुले डॉक्टर होऊ लागली, मुली परिचारिका होऊ लागल्या, याचा आनंद आपण सत्कारसमारंभांतून व्यक्त करतो. परंतु आपल्याच घरांतील कित्येक माणसे येथील आणि शहरांतील लहानमोठ्या इस्पितळांत कक्षसेवक, आया किंवा सफाईगार म्हणून राबत असतात, आणि तीही बहुधा कंत्राटावर. त्यांची नावे सत्काराच्या यादीत येत नाहीत. सोयरिकीच्या बोलण्यात तर ती माणसे 'दवाखान्यात कामाला आहे' एवढे सांगून थांबतात. म्हणून त्यांच्या हातांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा परका प्रश्न नव्हे, आपल्या घरचाच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रुग्णालयातील धोका पहिल्या हातात उत्पन्न होतो आणि तो अखेरच्या हाताला भोगावा लागतो. सुई टोचणारा हात पहिला. ती सुई जेथे पडेल तेथून उचलणारा हात अखेरचा. या दोन हातांची बहुधा गाठही पडत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत औषधविद्येने रोग्यास अधिकाधिक सुरक्षित केले. परंतु त्या सुरक्षिततेचे ओझे हळूहळू सरकत सरकत अखेरच्या हातावर येऊन पडले. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

वार, सुईण आणि पाचवीचा मान

आपल्या पाड्यांवर बाळंतपणे घरातच होत असत, त्या काळापासून आरंभ करावा लागेल. रुग्णालयातील कचरा म्हणून आज ज्याची गणना होते, त्यातील सर्वांत जुनी वस्तू म्हणजे वार. नाळ कापल्यावर वार उघड्यावर टाकून देण्याची रीत आपल्याकडे नव्हती. घराजवळच खड्डा करून ती पुरीत, वर माती दाबून दगड ठेवीत, म्हणजे कुत्र्यामांजरांनी उकरू नये. त्या रीतीत श्रद्धेचा भाग होता तसा व्यवहाराचाही होता. आणि ज्या सुईणीच्या हातून हे सारे होई, तिला पाचवीच्या दिवशी मान मिळे. तिच्या हाताला रक्त लागले म्हणून तिला विटाळ मानणारे घरदेखील पाचवीला तिला विसरत नसे.

हे चित्र सर्वस्वी निर्मळ होते असे आमचे म्हणणे नाही. बाळंतपणात माता आणि अर्भके मृत्यू पावत, धनुर्वात होई, आणि सुईणीच्या हातावरील जखमेचा विचार कोणी करीत नसे. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या व्यवस्थेत पहिला हात आणि अखेरचा हात एकाच माणसाचे होते. वार हातात घेणारी आणि ती पुरणारी बाई एकच. आपण जे निर्माण केले ते आपल्यालाच आवरावयाचे आहे, याची जाणीव तीत आपोआप होती. पुढे रुग्णालये आली तेव्हा हे दोन हात वेगळे झाले, आणि त्या दोहोंमध्ये कामाचे, पगाराचे आणि बहुतेक ठिकाणी जातीचेही अंतर पडले.

१८९६ सालची मुंबई

हे अंतर किती खोल होते हे पाहण्यासाठी जव्हारचा घाट उतरून क्षणभर मुंबईस गेले पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उपद्रव प्रकट झाला. म्युनिसिपालिटीने सक्तीने रोगी हलविण्याचे, घरे धुण्याचे आणि जंतुनाशके फवारण्याचे उपाय योजले. लोकांत भय पसरले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्लाही केला. त्याच सुमारास आयुक्त स्नो यांच्यापुढे एक वेगळाच पेच उभा राहिला. शहरातील मैला आणि गटारे साफ करणारे कामगार, ज्यांना त्या काळी हलालखोर म्हणत, तेही इतर लोकांप्रमाणे शहर सोडून जातील असे दिसू लागले. ते गेले तर मुंबई राहण्यास अयोग्य होईल, हे आयुक्तांनी ओळखले. सक्तीचे उपाय सौम्य करण्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक मोठे कारण होते.

या प्रसंगाकडे नीट पाहावे. ज्या माणसांस शहर आपल्या उंबऱ्यापाशी उभे करीत नव्हते, त्यांच्या केवळ निघून जाण्याच्या शक्यतेने शहराचा कारभार हादरला. भय होते ते त्यांच्या जाण्याचे; त्यांच्या मरण्याचे नव्हे. आमच्या मते सफाई कामगारांच्या सुरक्षिततेचा सारा पुढील इतिहास या एका वाक्यात सामावला आहे. समाजाला त्यांचे काम हवे होते, पण त्या कामाची जोखीम कोणाची, हा प्रश्न विचारण्याची निकड भासली नाही.

काचेची सिरिंज

संस्थानी अमलाच्या उत्तरार्धात आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत आपल्या भागातील दवाखान्यांत जी औषधविद्या होती, तिची साधने थोडी आणि टिकाऊ होती. काचेची सिरिंज आणि पोलादी सुई पुनःपुन्हा वापरीत. कंपौंडर ती पाण्यात उकळी, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावी. पट्ट्यासुद्धा धुऊन, उकळून पुन्हा वापरात येत. उरला कचरा कापसाचे बोळे, मलमाचे कागद आणि फुटक्या बाटल्या एवढाच. तो दवाखान्याच्या मागे जाळला की काम संपे.

या पद्धतीत मोठा धोका रोग्यास होता. उकळणे अपुरे झाले की एकाच्या रक्तातील रोग दुसऱ्याच्या शरीरात जाई. यकृतास सूज आणणारा बी प्रकारचा कावीळ-विषाणू शास्त्रज्ञांस १९६५ च्या सुमारास गवसला, आणि त्या शोधाबद्दल बॅरूक ब्लूमबर्ग यांस १९७६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मग कळले की, हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सुमारे सात दिवस जिवंत राहू शकतो. १९८६ साली भारतात एड्सच्या विषाणूची लागण झालेल्या व्यक्ती प्रथम आढळल्या. या दोन रोगांच्या भयाने काचेच्या सिरिंजचा काळ संपविला. एकदा वापरून टाकून देण्याची प्लास्टिकची सिरिंज घरोघरच्या बोलण्यात आली. शासकीय लसीकरणातही २००५ नंतर एका वापरानंतर आपोआप निकामी होणारी सिरिंज आली.

रोग्याच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु याच पावलाने धोक्याने घर बदलले. पूर्वी दूषित सुई कंपौंडरच्या भांड्यात परत जाई. आता ती बादलीत पडू लागली. पूर्वी एक सुई शंभर रोग्यांस पुरे. आता शंभर रोग्यांमागे शंभर सुया झाल्या. २०२१ च्या १६ जानेवारीस सुरू झालेल्या कोविड लसीकरणात देशात २२० कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या. प्रत्येक मात्रेमागे एक सुई वापरली गेली, आणि प्रत्येक सुई कोणीतरी उचलली, हा हिशेब आपण मनाशी करून पाहावा.

अनेकांस ठाऊक नसेल की, त्या १६ जानेवारीला देशातील पहिली मात्रा ज्याने घेतली, तो दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील एक सफाई कामगार होता. १८९६ ते २०२१ एवढ्या काळात पडलेला हा फरक लहान नाही. मात्र तो मान एका दिवसाचा ठरू नये.

वावर-वांगणीचे वर्ष

आता आपण आपल्या डोंगरात परत येऊ. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही नावे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. त्या नावांनी अभिमान वाटावा असे काही घडले नव्हते. कुपोषण आणि त्यामागून येणारे रोग यांनी तेथील बालके मोठ्या संख्येने दगावली. राज्याची मान खाली गेली. त्यानंतर जव्हार येथे अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, १९९५ साली नवसंजीवनी योजना सुरू झाली, पावसाळ्यात पाड्यापाड्यांवर जाणारी वैद्यकीय भरारी पथके निघाली, आणि पाडा स्वयंसेवक नेमले गेले. २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या. कुपोषणाचा प्रश्न आजही संपलेला नाही. परंतु सुई, सलाईन आणि लस ही साधने जेथे क्वचित पोहोचत, तेथे ती नित्याची झाली. घरची बाळंतपणे कमी होऊन आरोग्य केंद्रांतील वाढली, आणि सुईण जी वार पुरीत असे ती आता पिवळ्या पिशवीत जाऊ लागली.

या घटनेचा आमच्या विषयाशी संबंध असा. १९९२ च्या त्या भयंकर पावसाळ्यात जी बालके वाचली, ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्या पिढीतील माणसेच आज कुठे रोजंदारीवर, कुठे वीटभट्टीवर, तर कुठे इस्पितळाच्या कंत्राटात कामास आहेत. त्यांच्या बालपणी बी प्रकारच्या काविळीची लस शासकीय लसीकरणात नव्हती. ती काही भागांत २००२ पासून, आणि देशभर २०११ च्या सुमारास आली. म्हणजे आज ज्या बालकास लस टोचली जाते त्याला या रोगापासून संरक्षण आहे, आणि त्याला टोचलेली सुई ज्या बाईने उचलावयाची, तिला ते मुद्दाम मिळवून दिल्याशिवाय नाही. वावरच्या लेकरांना वाचवावयास निघालेली व्यवस्था त्याच लेकरांस, ती मोठी झाल्यावर, विनाकवच उभी करील, तर ते आपल्या सर्वांस लाजिरवाणे होईल.

कायद्याने काय दिले

रुग्णालयातील कचऱ्याविषयी आपल्या देशात स्वतंत्र नियम होण्यास बराच काळ लागला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९९६ साली दिल्लीतील कचऱ्यासंबंधीच्या एका अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांच्या कचऱ्याबाबत आदेश दिले. त्यानंतर २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले. त्यांचा मुख्य रोख लोकांचे आरोग्य आणि पर्यावरण यांवर होता. कचरा हाताळणाऱ्यास लस द्यावी, त्याची वर्षातून एकदा तपासणी करावी, त्याला संरक्षक साधने व शिक्षण द्यावे, हे मालकाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट शब्दांत येण्यास २८ मार्च २०१६ चे नियम उजाडावे लागले.

या नियमांतील रंगांची व्यवस्था प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याजोगी आहे. पिवळ्या पिशवीत शरीराचे भाग, वार, रक्ताने भिजलेले बोळे आणि मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे, सलाईनच्या बाटल्या आणि सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्या खोक्यात काचेच्या बाटल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के घरच्या कचऱ्यासारखा निरुपद्रवी असतो, आणि सुमारे १५ टक्केच धोक्याचा. परंतु ते १५ टक्के जर ८५ टक्क्यांत मिसळले, तर सारेच शंभर टक्के धोक्याचे होतात. मिसळण्याचे हे पाप बादली उचलणारा करीत नाही. सुई टोचून झाल्यावर ती कागदांच्या टोपलीत टाकणारा हात ते करतो.

त्याचप्रमाणे वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवू नये, सुई कापण्याच्या यंत्राने तिचा बुंधा जागेवरच कापावा, आणि पांढरा डबा तीन-चतुर्थांश भरताच बंद करावा, ही शिस्तही पहिल्या हाताचीच आहे. ती मोडली म्हणजे काय होते हे २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे दिसले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे तेथे बी प्रकारच्या काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हा सुई कापली न जाणे हे केवळ सफाईगारासच घातक नसते. तीच सुई भंगाराच्या वाटेने फिरून पुन्हा रोग्याच्या दंडात येऊ शकते.

डोंगरातील खड्डा

शहरांत हा कचरा एका सामाईक केंद्राकडे गाडीने जातो आणि तेथे तो जाळला किंवा वाफेने निर्जंतुक केला जातो. संसर्गजन्य कचरा प्रक्रियेवाचून ४८ तासांहून अधिक ठेवू नये असा नियम आहे. परंतु जव्हार-मोखाड्याच्या घाटांत, श्रावणातील दरडी आणि वाहून गेलेले पूल यांच्यामध्ये, गाडी वेळेवर येईलच याची हमी कोण देणार? जेथे अशी सोय पोहोचत नाही अशा दुर्गम भागांपुरती नियमांनी खोल पुरण्याची मुभा दिली आहे.

या खड्ड्याचेही शास्त्र आहे. तो सुमारे २ मीटर खोल असावा. अर्धा भरल्यावर पृष्ठभागाखाली ५० सेंटिमीटरपर्यंत चुन्याने झाकून मग वर माती भरावी. प्रत्येक वेळी कचरा टाकला की १० सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. जनावरे शिरू नयेत म्हणून वर जाळीचे झाकण असावे. भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली असावी, आणि वस्ती व उथळ विहिरी दूर असाव्यात. हा शेवटचा नियम आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि वैशाखात बायका झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. ज्या झऱ्यावर पाडा जगतो त्याच्या वरच्या अंगास असा खड्डा झाला, तर अखेरचा हात केवळ सफाईगाराचा राहत नाही. हंडा भरणाऱ्या बाईचा हात हा त्याच्याही नंतरचा हात होतो.

खड्ड्यापर्यंत जाणाऱ्या माणसाकडे पाहा. जाड रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, एप्रन, तोंडास मुखपट्टी आणि डोळ्यांस चष्मा हे त्याचे चिलखत आहे. पातळ तपासणीचे हातमोजे सुईला अडवीत नाहीत. रबरी चपला घालून पिशवी पायाजवळ घासत नेणाऱ्याच्या पोटरीत सुई शिरते. दमट दिवसांत बूट नकोसे वाटतात हे खरे. परंतु शेतात विळा चालविताना आपण बोटे सांभाळतो, तशीच ही सवय अंगी बाणली पाहिजे.

सुई टोचलीच तर

लागण झालेल्या माणसाची सुई टोचली असता, लस न घेतलेल्या व्यक्तीस बी प्रकारची कावीळ होण्याचा संभव शंभरात तीसपर्यंत असतो. सी प्रकारच्या काविळीचा शंभरात सुमारे तीन किंवा त्याहून कमी, आणि एड्सच्या विषाणूचा हजारात सुमारे तीन. म्हणजे ज्या रोगाचे भय सर्वांत अधिक बोलले जाते त्याचा धोका सर्वांत कमी, आणि ज्याची लस उपलब्ध आहे त्याचा सर्वांत अधिक. ही लस तीन वेळा घ्यावयाची असते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ती सफाई कामगारास देणे हे २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे; आणि त्या नियमांत कायम नोकर व कंत्राटी कामगार असा भेद नाही. धनुर्वाताच्या लसीचीही तीच गोष्ट.

तरीही टोचलेच, तर ती जागा पिळू नये, तोंडाने चोखू नये, तीवर हळद किंवा चुना लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि तत्काळ डॉक्टरास सांगावे. एड्सच्या विषाणूविरुद्ध प्रतिबंधक औषधे शक्य तर दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यावयाची असतात. घटना नोंदवहीत लिहविणे तितकेच आवश्यक होय. पुढे आजार उद्भवला तर ती नोंद हाच पुरावा. रुग्णसेवेतील कामामुळे जडणारे संसर्गजन्य रोग हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून घेण्यात आले होते. म्हणजे अशा आजारास भरपाई असावी हे तत्त्व नवे नाही. परंतु पुराव्यावाचून तत्त्व पांगळे असते. आपली माणसे काम जाईल या धास्तीने टोचणी लपवितात. कंत्राटदार बदलतो, मुकादम बदलतो, आणि पाच वर्षांनी पोटात पाणी भरते, तेव्हा कारण कोणाच्याच स्मरणात नसते.

जातीचा प्रश्न

हे काम कोणी करावे याची वाटणी आपल्या देशात जातीने केली होती, हे लपविण्यात अर्थ नाही. मेहतर, वाल्मीकी आणि रुखी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या हा भार वाहिला. त्यांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रात थोर माणसे झटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबई म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास मिळावे म्हणून उपवास केला, आणि पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात तेच व्रत चालविले. मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. या सर्वांनी एकच गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी सांगितली: काम हीन नसते, ते हीन अवस्थेत करावयास लावणे हीन असते.

आज डोंगरातील तालुक्यांत कंत्राट पद्धतीने जातीची ती जुनी वाटणी अंशतः पुसली आहे. पोट भरावयास निघालेला कोळी, कोकणा, वारली आणि कातकरी तरुणही त्या बादलीशी उभा आहे. परंतु जात पुसली तरी जातीने शिकविलेली दृष्टी पुसलेली नाही. जो बादली उचलतो त्याला नावाने हाक मारू नये, त्याच्यापुढे सुई कशीही टाकावी, हे वागणे त्याच दृष्टीचे अपत्य होय. आपल्या समाजातील डॉक्टर आणि परिचारिका यांस आमचे विशेष सांगणे आहे. तुम्ही पहिला हात आहात. आपल्या वॉर्डातील सफाईगाराचे नाव, त्याच्या लसीच्या तारखा आणि त्याच्या हातमोज्यांची स्थिती तुम्हांस ठाऊक नसेल, तर तुमच्या पदवीस समाजाने घातलेला हार अपुरा राहिला असे आम्ही समजू.

मंडळापुढील कर्तव्य

केवळ लेख लिहून असे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून मंडळापुढे आम्ही काही सूचना विनयपूर्वक ठेवतो. पहिली, सभासद कुटुंबांपैकी जी माणसे कोणत्याही रुग्णालयात सफाईचे काम करतात त्यांची यादी करावी, आणि प्रत्येकाने तिन्ही टोचण्या घेतल्या किंवा नाही याची विचारपूस शाखाप्रमुखांनी करावी. दुसरी, आपल्या डॉक्टर बंधुभगिनींनी वर्षातून एक दिवस जव्हारास आणि एक दिवस मोखाड्यास या माणसांस रंगांची व्यवस्था आणि टोचणीनंतरचे उपाय आपल्या बोलीत समजावून सांगावेत. तिसरी, ज्यास सुई टोचली त्याच्यासोबत नोंद करविण्यास मंडळाचा एक कार्यकर्ता जावा, म्हणजे एकट्या माणसास वाटणारी धास्ती निम्मी होईल. आणि चौथी, पुढील वार्षिक सभेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या शेजारी या माणसांसही बसवून त्यांचा सत्कार करावा. सुईणीस पाचवीला जो मान आपल्या आज्या-पणज्या देत असत, तोच हा मान, आजच्या काळास अनुरूप असा.

यांपैकी कोणत्याही सूचनेस मोठा निधी लागत नाही. तीन टोचण्या, एक जाड हातमोजा आणि एक नोंदवही यांची किंमत ती काय? परंतु त्यांच्या अभावी एखाद्या पाड्यावर कर्ता माणूस चाळिशीत काविळीने गेला, तर त्या घराची जी धूळधाण होते तिची भरपाई कोणत्याही निधीने होत नाही. वावर-वांगणीच्या वर्षाने आपणास शिकविले की, जे मरण टाळता येण्यासारखे असते आणि टाळले जात नाही, त्याची जबाबदारी कोणा एकाची नसते, ती साऱ्या समाजाची असते. तो धडा आपण बालकांपुरता शिकलो असू, तर त्या बालकांच्या वाढलेल्या हातांपुरताही शिकावा, एवढीच आमची ज्ञातिबंधुभगिनींस प्रार्थना आहे.

इत्यलम्.